पाटस प्रांतींची एक पाटिलकी : भोसले घराण्याच्या मूळ गांवाचा शोध

(१)

कोणत्याही मोठ्या घराण्याची वंशावळ उघडून पाहिली तर तिचा आरंभ बहुधा सूर्यापासून किंवा चंद्रापासून झालेला आढळतो. पुढचीं कांहीं शतकें दहापांच भारदस्त नांवांनीं भरून काढलेलीं असतात, आणि जेथून शेत, गांव, हक्क व तंटा यांचे खरे कागद सुरू व्हावयाचे, तेथें लेखक घाईघाईनें पुढें सरकतो. मूळ पुरुष राजा असावा अशी सर्वांचीच इच्छा असते. तो पाटील होता असें म्हणण्यास कोणी सहसा उत्सुक नसतो. परंतु इतिहासाचें काम इच्छेच्या उलट दिशेनें चालतें. जें ठाऊक आहे तेथून जें ठाऊक नाहीं तिकडे, म्हणजे नातवाकडून आजाकडे व आजाकडून त्याच्या गांवाकडे, असें पायरीपायरीनें चढत जावें लागतें.

छत्रपतींच्या भोसले घराण्याचा विचार या पद्धतीनें करावा, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. शिवाजीमहाराजांचे पिते शहाजीराजे, आजे मालोजीराजे व पणजे बाबाजी, ही परंपरा सर्वमान्य आहे. बाबाजीच्या वर गेलों म्हणजे मतभेदांचें अरण्य लागतें. मात्र बाबाजीच्या घराची म्हणून जी मिळकत सांगितली जाते, ती कोणत्याही राजधानींत नसून पुणें प्रांतांतील पाटस या ठाण्याखालच्या गांवांत होती. हिंगणी-बेरडी व देऊळगांव या गांवांची पाटिलकी भोसल्यांकडे होती असें बखरी सांगतात, आणि यदुनाथ सरकार यांनींही शिवचरित्राच्या आरंभीं हाच निर्देश केला आहे. हा निर्देश बहुतेक वाचक एका ओळींत वाचून सोडून देतात. आम्हांस तीच ओळ सर्वांत मोलाची वाटते.

(२)

प्रथम स्थलनिर्णय केला पाहिजे. पाटस हें आज पुणें जिल्ह्याच्या दौंड तालुक्यांतील, पुणें-सोलापूर हमरस्त्यावरील मोठें गांव. सन १८५८ मध्यें पुण्याहून डिकसळपर्यंत लोहमार्ग झाला त्या मार्गावर त्याचें स्थानक आहे. मराठी कागदांत मात्र पाटस हें नांव गांवापेक्षां प्रांताचें म्हणूनच अधिक येतें. भीमेच्या दक्षिण तीरावरचा, पर्जन्याच्या बाबतींत बेभरंवशाचा, काळ्या व मुरमाड जमिनीचा हा टापू. याच्या उत्तरेस भीमा ओलांडली कीं श्रीगोंदें, म्हणजे जुनें चांभारगोंदें, लागतें. पूर्वेस व आग्नेयीस इंदापूर, दक्षिणेस सुपें व बारामती, त्यापलीकडे नीरेपार फलटण.

हिंगणी-बेरडी व देऊळगांव राजे हीं दोन्ही गांवें दौंडच्या पूर्वेस भीमेच्या कांठीं आजही नांदतीं आहेत. जवळच मलठण, राजेगांव, खानोटा हीं गांवें आहेत, आणि नदीच्या पैलतीरीं पेडगांवचा किल्ला आहे. येथें नामसादृश्याचा मोठा धोका आहे, तो संशोधकानें आधींच ओळखून असावें. नुसत्या दौंड तालुक्यांतच देऊळगांव गाडा म्हणून दुसरें देऊळगांव आहे. वऱ्हाडांत देऊळगांव राजा आहे, तें सिंदखेडच्या जाधवांच्या मुलखांतलें; आणि जाधवांचा व भोसल्यांचा सोयरसंबंध प्रसिद्ध असल्यामुळें घोंटाळा होण्यास तेवढें पुरेसें आहे. हिंगणी नांवाचें गांव वर्धा जिल्ह्यांतही आहे. दादोजी कोंडदेव ज्या मलठणचे कुळकर्णी म्हणून प्रसिद्ध आहेत, त्या नांवाचीं गांवें शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत आहेत. ‘हिंगणी’ हें नांव हिंगणाच्या झाडावरून व ‘देऊळगांव’ हें देवळावरून पडलेलें. झाड व देऊळ यांची महाराष्ट्रांत वाण नाहीं. म्हणून एकट्या नांवावर निर्णय करणें धोक्याचें असतें. जेथें दोन किंवा तीन गांवांचीं नांवें एकत्र येतात आणि तीं एका प्रांतांत एकमेकांच्या शिवेला किंवा आसपास सांपडतात, तेथेंच निर्णयास बळकटी येते. हिंगणी, बेरडी व देऊळगांव हीं नांवें पाटसच्या निर्देशासह एकत्र येतात, आणि नकाशावर भीमेच्या एकाच पट्ट्यांत मिळतात. सबब या स्थलनिर्णयाबद्दल आम्हांस शंका वाटत नाहीं.

(३)

आतां पाटिलकी म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. आजचा वाचक पाटील म्हटलें कीं सारावसुलीचा एक लहान अधिकारी समजतो. सोळाव्या शतकांत पाटिलकी हें वतन होतें, म्हणजे विकतां येणारी, गहाण टाकतां येणारी, भावाभावांत तक्षिमा पडणारी व पिढ्यानुपिढ्या चालणारी मिळकत होती. गांवच्या महजरावर पाटलाची निशाणी नांगराची असे. होळीची पहिली पोळी, पोळ्याचा पहिला बैल, पानविड्याचा अग्रमान, चांभाराकडून जोडा, तेल्याकडून तेल, माळ्याकडून भाजी, असे त्याचे मानपान व हक्क असत. ओसाड पडलेलें गांव कौल घेऊन जो वसवी, कुळें आणून जमीन लागवडीस लावी, त्यास ही पाटिलकी मिळे. राज्यें बुडालीं, निजामशाही गेली, आदिलशाही आली, पुढें मोगल आले, तरी नवा अंमलदार गांवचें जुनें वतन बहुधा चालूच ठेवी. कारण पाटलावांचून वसूल होत नसे.

यामुळेंच मोठमोठ्या सरदारांनीं दौलती मिळविल्यावरही आपली गांवची पाटिलकी सोडली नाहीं. महादजी शिंदे दिल्लीच्या पातशाहीचा कारभार करूं लागले तरी कण्हेरखेडच्या पाटिलकीचा अभिमान बाळगून ‘पाटीलबावा’ म्हणवीत. दौलत धन्याच्या मर्जीवर असते, वतन मातीवर असतें, हें त्या पिढीस पक्कें ठाऊक होतें.

वंशशोधकाच्या दृष्टीनें वतनाचें दुसरें एक महत्त्व आहे. वतनाला भाऊबंद असतात, भाऊबंदांत तंटा असतो, आणि तंट्यांतून कागद जन्मास येतो. जो मनुष्य सुखानें शेत करून मेला त्याचें नांव कोठेंही राहत नाहीं. ज्याचा चुलत्याशीं वडीलपणाच्या मानावरून कलह झाला त्याच्या चार पिढ्या निवाडपत्रांत नोंदल्या जातात. गोतसभेपुढें वादी आपली करीना सांगतो, तींत मूळ पुरुष कोण, त्यास पुत्र किती, कोणाचा वंश बुडाला, कोणीं आपली तक्षीम कोणास विकली, हें सर्व ओघानें येतें. राजवंशाच्या प्रशस्तींत भाऊबंद गाळले जातात; महजरांत त्यांना गाळतांच येत नाहीं.

परंतु या कागदांनाही मर्यादा आहे. सन १६३० च्या सुमारास पडलेल्या भयंकर दुष्काळानें व त्याच वेळीं विजापूरकरांच्या मुरार जगदेवानें पुणें जाळून केलेल्या नासाडीनें हा मुलूख उजाड झाला. अशा धामधुमींत जुने कागद नष्ट झाले, आणि नंतर ते आठवणीवरून पुन्हा लिहिले गेले. सबब वतनाचा कागद ज्या पिढीची हकीकत सांगतो त्या पिढीचाच तो आहे असें गृहीत धरूं नये. तो केव्हां, कोणापुढें व कोणत्या तंट्याच्या निमित्तानें लिहिला गेला, हें आधीं विचारावें.

(४)

गांवचे कागद बाजूस ठेवून आतां ग्रंथांकडे वळूं. शहाजीराजांच्या पदरचा कवि जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनीं सन १९२२ मध्यें विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. त्यांत मालोजीस राण्याच्या कुळाशीं जोडलेलें आहे. या निर्देशाचें महत्त्व असें कीं, चितोडच्या राण्यांशीं संबंध सांगण्याची कल्पना सन १६७४ च्या राज्याभिषेकासाठीं गागाभट्टाच्या वेळीं नव्यानें रचली गेली, हें मत त्यानें टिकत नाहीं. शहाजीच्या हयातींत, कर्नाटकांतील त्याच्या दरबारीं ती प्रचलित होती. मात्र कल्पना जुनी आहे एवढ्यानें ती खरी ठरत नाहीं. दरबारी कवीची साक्ष त्या दरबाराची आपल्या कुळाविषयीं काय समजूत होती याला प्रमाण. कूळ खरोखर कोठून आलें याला नव्हे.

कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकर यांस तंजावरास सांपडलें व सन १९२७ मध्यें प्रसिद्ध झालें. संस्कृत जाणणाऱ्या वाचकानें त्यांतील नांवांची घडण मुद्दाम पाहावी. मालोजी तेथें मालवर्मा होतो, आणि भोसले या आडनांवास ‘भृशबल’ असा अर्थवाही पेहराव चढतो. देशी नांवास संस्कृत रूप देतांना कवि व्युत्पत्ति शोधीत नसतो. तो छंदांत बसणारा व अर्थानें शोभणारा शब्द निवडतो. म्हणून ‘भृशबल’ शब्दावरून भोसले शब्दाचें मूळ काढणें म्हणजे पगडीवरून डोक्याचें माप घेणें होय. परंतु याच काव्यांत एक गोष्ट अशी आहे कीं ती अलंकारानें झांकली जात नाहीं. परमानंद वंशकथन मालोजीपासून सुरू करतो. त्याच्या वर पंचवीस राण्यांची यादी देणें कवीस मुळींच अवघड नव्हतें. तरी त्यानें सूर्यवंशाचा सामान्य उल्लेख करून थेट मालोजीवर उडी घेतली. महाराजांच्या प्रत्यक्ष आश्रयानें लिहिणाऱ्या कवीचा हा संयम आम्हांस बोलका वाटतो.

यानंतरच्या साधनांत पिढ्या वाढत जातात. तंजावरच्या बृहदीश्वर देवालयाच्या भिंतीवर सरफोजीराजांनीं सन १८०३ मध्यें भोसलेवंशाचें चरित्र कोरविलें. मराठी भाषेंतील तो अवाढव्य शिलालेख आहे. सातारकर चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची. या दोहोंत बाबाजीच्या वरच्या पिढ्यांचीं नांवें आहेत, पण तीं एकमेकांशीं जुळत नाहींत. एकाच घराण्याच्या दोन शाखा आपल्या समाईक पूर्वजांचीं नांवें निरनिराळीं सांगूं लागल्या, तर तीं नांवें शाखा फुटल्यानंतर जमविलेलीं असावींत, असें अनुमान स्वाभाविक आहे.

मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या फर्मानांनीं हा वाद विसाव्या शतकांत पुन्हा पेटविला. त्यांचा आधार घेऊन दत्तात्रय विष्णु आपटे यांनीं सन १९३४ मध्यें त्या घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. बहमनी काळापासून सज्जनसिंहाचा वंश दक्षिणेंत नांदत होता, असें तीं फर्मानें सांगतात. यदुनाथ सरकारांनीं त्यांस मान्यता दिली नाहीं. याच्या उलट दिशेनें रामचंद्र चिंतामण ढेरे यांनीं ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथांत (सन २००१) भोसल्यांचा संबंध कर्नाटकांतील सोरटूरहून आलेल्या बळियप्पाशीं, म्हणजे होयसळ-यादव परंपरेशीं जोडला. एक मत उत्तरेकडे बोट दाखवितें, दुसरें दक्षिणेकडे. दोहोंचा वाद बाबाजीच्या कित्येक पिढ्या आधींच्या काळाचा आहे हें ध्यानांत ठेवावें. पाटस प्रांतींच्या पाटिलकीस यांतील कोणतेंही मत खोडीत नाहीं.

गोत्राच्या मुद्द्याविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. भोसल्यांचें गोत्र कौशिक व मेवाडच्या राण्यांचें बैजवाप, म्हणून एकवंश असंभवनीय, असा युक्तिवाद पुष्कळदां केला जातो. परंतु क्षत्रिय-वैश्यांनीं पुरोहिताचें गोत्रप्रवर घ्यावें, असें मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें स्पष्ट म्हटलें आहे. देश बदलला कीं पुरोहित बदलतो, पुरोहित बदलला कीं गोत्रही बदलूं शकतें. तेव्हां गोत्रभेदानें राजपूत मत खोडतां येत नाहीं, आणि उद्यां गोत्रैक्य निघालें तरी त्यानें तें सिद्धही होणार नाहीं.

(५)

ग्रंथांचा असा उलगडा होत नाहीं म्हणून आतां नकाशा पुढें घेऊं. मालोजीविषयीं जीं वृत्तें परंपरेंत टिकून आहेत त्यांतलीं स्थळें एकामागून एक मांडून पाहावींत. त्याची पत्नी फलटणच्या नाईक निंबाळकरांची. बखरींत त्यास द्रव्य सांपडलें तें ज्याच्याकडे ठेवलें तो शेषाप्पा नाईक पुंडे श्रीगोंद्याचा. शिखर शिंगणापुरीं यात्रेकरूंसाठीं तळें बांधलें तें मालोजीनें. जहागीर मिळाली ती पुणें व सुप्याची. त्याचा अंत झाला तो इंदापुरास. फलटण, श्रीगोंदें, शिंगणापूर, सुपें, इंदापूर हीं सर्व भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांत किंवा त्याच्या कडेस आहेत. आणि हिंगणी-देऊळगांव त्यांच्या मधोमध येतात. पाटस प्रांतीं घर असलेल्या पाटलानें सोयरीक फलटणास करावी, उलाढाल नदीपलीकडच्या श्रीगोंद्याच्या सावकाराशीं करावी, आणि नवस शिंगणापूरच्या शंभुमहादेवास बोलावा, यांत आश्चर्य काय?

राहिलें वेरूळ. वेरूळ दौलताबादेच्या पायथ्याशीं, या सर्वांपासून दूर उत्तरेस. मालोजीनें तेथील घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, भोसल्यांची पाटिलकी तेथेंही होती, आणि म्हणूनच वेरूळ हेंच मूळ स्थान असें पुष्कळांनीं लिहिलें आहे. परंपरा अशीही सांगते कीं, मालोजी व विठोजी हे बंधु भाऊबंदांच्या कलहामुळें गांव सोडून वेरुळास गेले, तेथें शेती करूं लागले, आणि पुढें सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या पदरीं राहिले. भाऊबंदकीनें घर सोडावें व राजधानीजवळ चाकरीच्या आशेनें जावें, हा त्या काळच्या मराठा घराण्यांचा नित्याचा मार्ग. निजामशाहीच्या उत्तरकाळीं दौलताबादेच्या आसपास शिपाईगिरी मिळे. पाटस प्रांतीं मिळे ती जोंधळ्याची भाकरी, तीही पाऊस पडला तर. आमच्या मतें वेरूळ ही उदयाची जागा, आणि हिंगणी-देऊळगांव ही मुळाची. चाकरी गेल्यावर किंवा धनी बदलल्यावर हें घराणें पुन्हा पुण्या-सुप्याकडे वळलें, तें केवळ जहागिरीमुळें नव्हे. तो त्यांच्या ओळखीचा, सोयऱ्यांचा व वतनाचा मुलूख होता.

भीमेच्या कांठचीच आणखी एक साक्ष आहे. करमाळें तालुक्यांतील जिंती येथील राजेभोसले आपला वंश शहाजीराजांचे वडील पुत्र संभाजी यांजपासून सांगतात. जिंती हिंगणीच्या खालच्या अंगास, त्याच नदीच्या टापूंत आहे. भोसले कुळीच्या वतनदार शाखा याच पट्ट्यांत कां सांपडाव्यात, याचें उत्तर वेरुळांतून मिळत नाहीं.

(६)

याहून महत्त्वाची साक्ष नागपूरकर भोसल्यांची आहे. हें घराणें ‘हिंगणीकर’ या नांवानें प्रसिद्ध. त्यांची परंपरा अशी कीं, पूर्वजांनीं पुणें प्रांतींचें ओसाड हिंगणी गांव पुन्हा वसविलें व त्यावरून हें उपपद पडलें. परसोजी भोसले शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून परतले तेव्हां त्यांस मिळाले व सेनासाहेबसुभा झाले. पुढें पहिल्या रघूजीनें नागपूरचें राज्य स्थापिलें. यादव माधव काळे यांच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ या ग्रंथांत (सन १९३४) या घराण्याची सविस्तर हकीकत आहे.

सातारकर व नागपूरकर एका वंशाचे कीं केवळ एका आडनांवाचे, हा जुना वाद. तो आम्ही येथें सोडवूं म्हणत नाहीं. पण त्यांतला एक मुद्दा वाचकांपुढें ठेवतों. एक घराणें छत्रपति झालें, दुसरें दूर वऱ्हाड-नागपुरास राज्य करूं लागलें. दोघांच्या मध्यें दीडशें कोसांचें अंतर, शिवाय दरबारी स्पर्धा. असें असतां दोघांच्याही परंपरेंत भीमेकांठचें एकच लहानसें गांव मूळ म्हणून येतें. एकानें दुसऱ्याचें नांव उसनें घ्यावयाचें असतें तर वेरूळ, शिवनेरी किंवा रायगड घेतलें असतें. ओसाड हिंगणी कोण उसनें घेईल? निरुपयोगी वाटणारी साक्ष हीच पुष्कळदां विश्वासार्ह असते, कारण ती बनविण्यांत कोणाचाच लाभ नसतो.

(७)

अशा शोधास उपयोगी पडणारे कांहीं नियम येथें एकत्र देतों.

पहिला नांवांचा. मराठा घराण्यांत आजाचें नांव नातवास ठेवण्याची चाल. भोसल्यांत संभाजी तरी किती? विठोजीचा पुत्र संभाजी हत्तीच्या प्रकरणांत लखुजी जाधवांच्या हातून मारला गेला. शहाजीचा वडील पुत्र संभाजी निराळा. छत्रपति संभाजी तिसरे. विठोजीच्या आठ पुत्रांत एक मालोजीही आहे, तो चुलत्याच्या नांवाचा. म्हणून नुसतें नांव, नुसतें नांव व आडनांव, एवढ्यावर दोन कागदांतील मनुष्य एक मानूं नये. नांव, बापाचें नांव, गांव व वतन या चार खुणा जुळल्या तरच ओळख पटली असें म्हणावें.

दुसरा कालाचा. निजामशाही व आदिलशाही मराठी कागदांत शुहूर सन असतो. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन येतो, व वर्ष मृगास पालटतें. सन अरबी शब्दांत, एकं आधीं व हजार शेवटीं असा लिहितात. ‘सबा अलफ’ म्हणजे १००७, अर्थात् इसवी १६०६-०७; ‘सबा अशर अलफ’ म्हणजे १०१७, अर्थात् १६१६-१७; आणि ‘अशर’च्या जागीं ‘अशरीन’ वाचलें कीं आणखी दहा वर्षें पुढें. मोडी नकलेंत एक शब्द गळाला किंवा एक अक्षर वाढलें कीं मनुष्य दहा वर्षें आधीं मरतो किंवा दहा वर्षें अधिक जगतो. मालोजीच्या मृत्यूचें वर्ष निरनिराळे विद्वान् १६०६ पासून पुढें पंधराएक वर्षांच्या अंतरांत निरनिराळें देतात. अशा वादांत मूळ कागदाचा सन अक्षरशः छापणें किती अगत्याचें आहे, हें यावरून कळेल.

तिसरा आडनांवाचा. गांवाच्या नांवास ‘कर’ लावून झालेलें आडनांव मनुष्य शेवटीं कोणतें गांव सोडून आला हें सांगतें, पहिलें गांव कोणतें हें नव्हे. युरोपांतील स्वित्झर्लंड देशाची रीत येथें तुलनेस घेण्यासारखी आहे. तेथील नागरिकाच्या अधिकृत कागदावर जन्मस्थानाऐवजीं त्याच्या कुळाचें मूळ गांव लिहितात. पणजा डोंगरांतली खेडी सोडून शहरीं आला, नातू परदेशीं जन्मला, तरी ज्या ग्रामसंस्थेचा पणजा हक्कदार होता तिचेंच नांव पणतवाच्या कागदावर असतें. झुरिकमध्यें बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम सन १५२६ मधील आहे, आणि सन १८७६ पासून त्या सर्व देशांत मुलकी नोंदवह्या चालू आहेत. यामुळें तेथील साध्या शेतकऱ्याचा वंशजही आपला पूर्वज कोणत्या गांवचा हें सांगूं शकतो. आपल्याकडे हें काम वतनानें केलें. स्विस शेतकऱ्यास नोंदवही होती, मराठा पाटलास महजर होता. फरक एवढाच कीं, तेथें सर्वांची नोंद झाली. येथें वतनदाराचीच झाली. ज्याच्या घरीं वतन नव्हतें त्या उपऱ्या कुळाचा, बलुतेदाराच्या धाकट्या मुलाचा, किंवा परगांवीं दिलेल्या लेकीचा माग आपल्या कागदांत क्वचितच लागतो. तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत त्यांतील कांहीं मिळतात, तेवढाच काय तो आधार. भोसल्यांच्या वंशावळींतही मालोजी-विठोजींच्या बहिणी किंवा बाबाजीची पत्नी यांविषयीं साधनें जवळजवळ मुकीं आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

(८)

आतां ज्यासाठीं हा लेख लिहिला तें सांगतों. भोसल्यांच्या तीन राजगाद्या अवघ्या सात वर्षांत गेल्या: साताऱ्याची सन १८४८ मध्यें, नागपूरची १८५४ मध्यें, तंजावरची १८५५ मध्यें. महाराष्ट्रांतील गांवोगांवची पाटिलकी त्यानंतरही शतकभर चालली. सन १९६२ च्या कायद्यानें ती संपली. राज्याहून वतन चिवट ठरलें. परंतु वतन गेल्यावर वतनाच्या कागदाची किंमत घरच्यांना उरली नाहीं. जोंपर्यंत हक्क होता तोंपर्यंत रुमाल पेटींत होता. हक्क गेला, रुमाल माळ्यावर गेला, माळ्यावरून रद्दींत गेला. शिवाय सन १९८० मध्यें पूर्ण झालेल्या उजनीच्या धरणाच्या पाण्यानें भीमेच्या कांठचीं कित्येक जुनीं गांवठाणें बुडविलीं. पळसदेवचें प्राचीन देऊळ उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं वर दिसतें. गांव सोडून उठलेल्या घरांतले कागद असे पुन्हा वर येत नाहींत.

जे कागद वांचतात त्यांना दुसरा धोका संग्राहकांचा आहे, आणि या पत्राच्या वाचकांत संग्राहक पुष्कळ असल्यामुळें हें स्पष्ट लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों. संग्राहकास शिक्क्याचा, चांगल्या अक्षराचा, प्रसिद्ध नांवाचा कागद पाहिजे असतो. तो रुमाल सोडतो, त्यांतून एक फर्मान किंवा एक सनद उचलतो, आणि पावत्या, कतबे, वांटणीच्या यादी व हिशेबाचे तुकडे तसेच टाकून देतो. पण वर सांगितलेल्या चार खुणा त्या तुकड्यांतच असतात. रुमालांतून वेगळा झालेला कागद म्हणजे गांवचें नांव पुसलेला मनुष्य: तो दिसतो, पण कोणाचा तें सांगत नाहीं. सबब आमची विनंती इतकीच आहे. कागद घेतांना रुमाल फोडूं नये; तो कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं, कोणत्या इतर कागदांबरोबर होता हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें; मूळ देतां येत नसेल तर सर्व रुमालाची यादी व छायाचित्रें संस्थेकडे द्यावींत; आणि घरची वंशावळ सांगणारा वृद्ध जिवंत असेल तर आधीं त्याच्याकडे जावें, मग कागदाकडे.

सारांश, आमचे निष्कर्ष पुढीलप्रमाणें आहेत. (अ) बाबाजी भोसल्याच्या घराची हिंगणी-बेरडी व देऊळगांव येथील पाटिलकी पाटस प्रांतींची, म्हणजे आजच्या दौंड तालुक्यांतील भीमाकांठची होय. (आ) मालोजीचे सोयरसंबंध, व्यवहार, देवस्थान, जहागीर व मृत्युस्थान हीं सर्व याच टापूकडे ओढतात. वेरूळ हें मूळचें नसून नंतरचें स्थान मानणें अधिक सयुक्तिक आहे. (इ) नागपूरकरांचें हिंगणीकर हें उपपद व जिंतीची शाखा यांचा पुरावा याला पोषक आहे. (ई) बाबाजीच्या वरच्या पिढ्यांविषयीं राजपूत, होयसळ किंवा अन्य कोणतेंही मत स्वीकारलें तरी वरील तीन निष्कर्षांस बाध येत नाहीं.

ज्या पुरुषानें राज्य स्थापिलें त्याचा पणजा नांगराची निशाणी करणारा पाटील होता, हें सांगण्यांत न्यूनता मानण्याचें कारण नाहीं. उलट, शेताची शीव, बलुतेदाराचा हक्क, कुळाची अडचण व कमाविसदाराचा जुलूम ज्या घराला पिढ्यानुपिढ्या माहीत, त्याच घरांत पुढें रयतेच्या भाजीच्या देठाचीही फिकीर करणारा राजा निपजला, ही संगति चितोडच्या कोणत्याही वंशावळीपेक्षां आम्हांस अधिक पटते. हिंगणी, देऊळगांव, जिंती व आसपासच्या गांवीं ज्यांच्या घरीं जुने रुमाल असतील त्यांनीं ते उघडून पाहावेत. पुढील पुरावा निघाला तर तेथूनच निघेल.